तांदळातला खडा

नजरेसमोर पुष्कळ वस्तू असताना त्यांतून हवी ती एक हुडकून काढणे, याला मानसशास्त्रात दृश्य शोध म्हणतात. तांदूळ निवडताना खडा टिपणे, फलाटावर उतरलेल्या गर्दीत पाहुणा ओळखणे, मतदार यादीत नाव शोधणे, क्ष-किरण चित्रातली हाडाची बारीक चीर हेरणे, ही सगळी एकाच जातीची कामे आहेत. ज्याचा शोध चालू आहे ते लक्ष्य आणि ज्यांच्यातून तो घ्यायचा ती भोवतालची गर्दी. गर्दी जितकी मोठी तितका शोध लांबणार, असे कोणालाही वाटेल. प्रयोगांतून दिसले ते वेगळे. नजर वस्तू एकेक करून तपासत बसत नाही. ती आधी त्यांचे पुंजके पाडते आणि मग पुंजक्यांमधून वाट काढते. त्यामुळे तीस वस्तू दोन पुंजक्यांत दिसल्या तर काम झटपट उरकते, आणि दहाच वस्तू दहा तऱ्हांच्या असल्या तर रेंगाळते. लक्ष्य कसे आहे याच्याइतकेच ते कोणाच्या संगतीत आहे, याला महत्त्व येते.

तांदूळ निवडण्याच्या कामात हे अगदी जवळून पाहता येते. ताटाच्या एका कडेला तांदळाचा ढीग असतो. त्यातले मूठभर तांदूळ बोटांनी पुढे ओढायचे, तळव्याने एकपदरी पसरायचे, नजर फिरवायची आणि साफ झालेला भाग पलीकडे सारायचा. पसरलेले दाणे एकाच रंगाचे आणि एकाच लांबीचे असतात, म्हणून नजरेला ते शेकडो दाणे न राहता एक पांढरा पट्टा होतो. काळा खडा किंवा साळीचा तांबूस दाणा त्या पट्ट्यात बसत नाही. तो शोधण्याआधीच दिसतो. गारेचा पांढुरका खडा मात्र दाण्यांच्याच रंगाचा. तो पट्ट्यात सामील होतो आणि बऱ्याचदा दाताखालीच सापडतो. तांदळात कणी फार असेल तर निवडायला जास्त वेळ लागतो, कारण दाणेच एकसारखे उरत नाहीत. आणि तीन-चार डाळी एकत्र झाल्या असतील तर एरवी लांबून दिसणारा काळा खडासुद्धा सालीच्या उडदांत हरवून जातो. खड्याचा रंग, दाण्यांचा आपापसातला सारखेपणा आणि खडा दाण्यांत मिसळतो की वेगळा राहतो, या तीन गोष्टी स्वयंपाकघरात एकत्रच येतात. प्रयोगशाळांनी त्या सुट्या करून एकेक तपासल्या.

मुळात शोध घ्यावा लागतो याचे एक कारण डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा अगदी लहानसा भागच बारकावे टिपू शकतो. हात लांब करून अंगठा समोर धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे साधारण दोन अंशांची, जागा एका वेळी पूर्ण स्पष्ट दिसते. बाकीचे दृश्य कडेला जाता जाता अधिकाधिक ढोबळ होत जाते. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा जागा बदलतात. पुढची उडी कुठे मारायची हे ठरवायला त्या ढोबळ दृश्याचीच मदत घ्यावी लागते, आणि त्यात वस्तूंचे तपशील नसले तरी त्यांची मांडणी असते: इथे दाट, तिथे विरळ, इकडे लाल, तिकडे पिवळे. मेंदू या मांडणीतून जे तुकडे पाडतो त्यालाच गटबांधणी म्हणायचे. ती आपोआप आणि फार लवकर होते. ती करायची नाही असे ठरवूनही थांबत नाही.

गटबांधणीचे नियम पहिल्यांदा नीट मांडले ते माक्स वेर्टहाइमर यांनी, बर्लिनमध्ये, १९२३ साली. वोल्फगांग क्योलर आणि कुर्ट कोफ्का यांच्यासह ते मानसशास्त्रातल्या गेस्टाल्ट, म्हणजे समग्र आकृतीच्या, संप्रदायाचे प्रवर्तक मानले जातात. वेर्टहाइमर यांच्या निबंधातल्या बऱ्याच आकृत्या म्हणजे नुसते ठिपके आणि रेघा आहेत, आणि मराठी वाचकाला त्या ओळखीच्या वाटाव्यात अशा आहेत, कारण ठिपक्यांच्या रांगोळीत तेच घडते. सारख्या अंतरावर काढलेले ठिपके आडव्या ओळींचे म्हणावेत की उभ्या, हे सांगता येत नाही. आडवे अंतर थोडे कमी केले की लगेच ओळी आडव्या दिसू लागतात. ही समीपता. अंतर तेच ठेवून एका आड एक ओळ हळदीची आणि कुंकवाची केली तर रंग ओळी पाडतो. हे सादृश्य. एकाच दिशेने एकाच वेगाने सरकणारे ठिपके एका गटाचे वाटतात. वळणात वळण मिसळणाऱ्या रेघा एकच रेघ वाटतात. जवळजवळ मिटलेली आकृती पूर्ण मिटलेली वाटते. या यादीत १९९४ मध्ये स्टीफन पामर आणि अर्विन रॉक यांनी जोडणीची भर घातली: प्रत्यक्ष एकमेकांना चिकटलेल्या गोष्टी एकच वस्तू म्हणून दिसतात. देवनागरी लिपीत हा नियम ओळीओळीला कामाला लागलेला असतो. शिरोरेषा अक्षरांना एका दोरीत ओवते, दोन शब्दांमध्ये ती तुटते, आणि पानाकडे नुसती नजर टाकली तरी अक्षरे न दिसता शब्द दिसतात. शिरोरेषा न देता भरभर लिहिलेल्या मजकुरात एखादा शब्द शोधायला जास्त त्रास का होतो, याचे एक कारण इथे असावे.

वेर्टहाइमर यांचे नियम बरीच वर्षे चित्रे दाखवून पटवण्यापुरतेच राहिले. पाहणाऱ्याला काय वाटते, एवढाच त्यांचा पुरावा होता. शोधाचा वेळ मोजायला सुरुवात झाल्यावर त्यांना आकडे मिळाले. १९५६ मध्ये ग्रीन आणि अँडरसन या दोन संशोधकांनी रंगीत चिन्हांच्या तक्त्यांत शोध घ्यायला लावला आणि असे दाखवले की लक्ष्याचा रंग आधी सांगितलेला असेल तर वेळ मुख्यतः त्या रंगाच्या चिन्हांच्या संख्येवर ठरतो. बाकीची चिन्हे तक्त्यावर आहेत खरी, पण शोधात जणू नाहीत.

या विषयाला आजचे रूप आले ते अ‍ॅन ट्रीझमन यांच्यामुळे. गॅरी गेलेड यांच्याबरोबर १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा निबंध आजही या क्षेत्रात सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या लेखनांपैकी आहे. प्रयोग साधा होता. कार्डावर १, ५, १५ किंवा ३० अक्षरे विखुरलेली. त्यात ठरलेले लक्ष्य आहे की नाही एवढेच, होईल तितक्या लवकर, सांगायचे. तपकिरी आणि हिरव्या अक्षरांत एखादे निळे अक्षर शोधायचे असेल तर अक्षरे पाच असोत की तीस, वेळ जवळपास तेवढाच लागे. निळे अक्षर आपणहून पुढे येई. पण लक्ष्य ‘हिरवा टी’ असेल आणि भोवती तपकिरी टी व हिरवे एक्स असतील, तर दर वाढत्या अक्षरामागे सुमारे २९ मिलिसेकंद जास्त लागत. लक्ष्य कार्डावर नसेलच तर हा आकडा सुमारे ६७ होता, म्हणजे दुपटीहून थोडा जास्त. याचा अर्थ असा लावला गेला की लक्ष्य असते तेव्हा ते सरासरीने निम्म्या वाटेवर सापडते आणि नसते तेव्हा शेवटपर्यंत जावे लागते. ट्रीझमन यांची मांडणी अशी होती: रंग, दिशा, हालचाल यांसारखे सुटे गुणधर्म मेंदू सगळ्या दृश्यभर एकदम नोंदतो, पण ‘हिरवा’ आणि ‘टी’ हे एकाच जागी, एकाच वस्तूत आहेत हे ठरवायला अवधान तिथे न्यावे लागते. अवधान न्यायला वेळ मिळाला नाही तर गुणधर्मांची अदलाबदल होते. लाल टी आणि हिरवा एक्स क्षणभर दाखवले तर काही वेळा पाहणारा खात्रीने हिरवा टी पाहिल्याचे सांगतो.

या मांडणीत एक अडचण होती आणि ती ट्रीझमन यांनी स्वतःच पुढच्या दोन वर्षांत हाताळली. अवधान एकेका अक्षरावर जाते असे धरले होते. पण अक्षरे एकेकटी पसरलेली नसून गटागटाने असतील तर? १९८२ च्या प्रयोगांत त्यांनी एकाच तऱ्हेच्या अक्षरांचे ठोकळे केले: इकडे सगळी एका तऱ्हेची, तिकडे सगळी दुसऱ्या तऱ्हेची, आणि दुसऱ्या काही कार्डांवर तीच अक्षरे सरमिसळ पसरलेली. दोन गुणधर्मांच्या जोडीने ओळखायचे लक्ष्य ठोकळ्यांमध्ये लवकर सापडले, आणि वेळ वाढत गेला तो अक्षरांच्या संख्येबरोबर नव्हे, तर ठोकळ्यांच्या संख्येबरोबर. अवधान एका अक्षरावरून दुसऱ्यावर न जाता एका गटावरून दुसऱ्या गटावर जात होते. एकाच तऱ्हेच्या अक्षरांचा ठोकळा असेल तर तो एका झटक्यात निकालात निघे. लक्ष्य एकट्या रंगाने ओळखता येत असेल तेव्हा मात्र ठोकळे करण्याने फारसा फरक पडला नाही. जे आधीच आपोआप दिसते त्याला गटांची मदत नको असते. दोन निकाल शेजारी ठेवले की शोध कशाचा घेतला जातो हेच बदलते: वस्तू हे शोधाचे एकक नाही, गट हे एकक आहे. या लेखाच्या विषयात याहून महत्त्वाचा शोध दुसरा नाही.

त्याच सुमाराला इतर ठिकाणांहूनही हीच गोष्ट पुढे आली. डेन्मार्कमध्ये क्लाउस बुंडेसेन आणि पेडरसन यांनी १९८३ मध्ये रंगांच्या पुंजक्यांची संख्या आणि शोधाचा वेळ यांचा संबंध दाखवला. अमेरिकेत हॉवर्ड इगेथ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये काळे ओ आणि लाल एन यांच्यामधून लाल ओ शोधायला दिला. लाल अक्षरांची संख्या ठरावीक ठेवून काळी अक्षरे वाढवत नेली तरी वेळ जवळपास वाढला नाही. लाल अक्षरे कार्डभर विखुरलेली होती, एका जागी नव्हती; तरीही नजरेने त्यांचा एक गट केला आणि शोध त्या गटापुरताच घेतला. गट होण्यासाठी वस्तू शेजारी-शेजारीच असायला हव्यात असे नाही, हे यातून कळले. आषाढीच्या गर्दीत पांढऱ्या टोप्यांमधून फेटे तेवढे निवडून त्यांतला एक चेहरा शोधता येतो, तो याच बळावर.

१९८९ मध्ये जॉन डंकन आणि ग्लिन हंफ्रीज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ट्रीझमन यांच्या मूळ वर्गवारीलाच हरकत घेतली. एक गुणधर्म असला तर शोध सोपा, दोन असले तर अवघड, हे त्यांना पटले नाही. त्यांच्या मते दोन सारखेपणांतून सगळे ठरते. लक्ष्य भोवतालच्या वस्तूंसारखे जितके जास्त, तितका शोध अवघड. भोवतालच्या वस्तू एकमेकींसारख्या जितक्या जास्त, तितका तो सोपा. पांढऱ्या खड्याला पहिला नियम लागतो, मिसळलेल्या डाळींना दुसरा. त्यांच्या प्रयोगांत एल हे अक्षर टी या अक्षरांमध्ये शोधायचे होते. दोन्ही अक्षरे एक उभी आणि एक आडवी अशा दोनच रेघांची, तेव्हा रेघांच्या गुणधर्मात फरक शून्य. सगळे टी एकाच बाजूला वळवलेले असले तर एल पटकन सापडे. टी वेगवेगळ्या बाजूंना फिरवले की काम रेंगाळे. लक्ष्य तेच, संख्या तीच, फक्त गर्दीची एकी मोडली.

हे का घडते याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. एकमेकांशी बांधल्या गेलेल्या वस्तूंचे नशीब एकच असते. त्यांतली एक ‘ही नव्हे’ म्हणून बाजूला पडली की तो नकार गटातल्या बाकीच्यांपर्यंत पसरतो आणि सगळ्या एकदम बाजूला पडतात. गर्दी एकजिनसी असेल तर एकच नकार पुरतो. ती पाच तऱ्हांची असेल तर पाच नकार लागतात. हंफ्रीज यांच्या आणखी एका प्रयोगमालेत उलटा टी सरळ टी अक्षरांमध्ये शोधायचा होता. तिथे अक्षरे वाढली तरी वेळ फारसा वाढला नाही. इतकेच नव्हे, तर ‘लक्ष्य नाही’ हे उत्तर काही वेळा ‘आहे’ या उत्तराहूनही लवकर आले. एकेक तपासत जाणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला नेहमीच जास्त वेळ लागला पाहिजे. सगळे सरळ टी मिळून एक सलग पोत झाला असेल तरच हे जमते, कारण मग पोत कुठे फाटला आहे का एवढेच पाहायचे उरते.

याचा सर्वात बोलका पुरावा निरोगी माणसांकडून नाही, एका रुग्णाकडून मिळाला. हंफ्रीज आणि त्यांच्या सहकारी जेन रिडॉक यांनी पक्षाघाताने मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेल्या एका इंग्रज गृहस्थांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांची नजर पुरेशी तीक्ष्ण होती, पण वस्तू ओळखता येत नव्हत्या. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या एका चित्राची त्यांनी रेघेरेघेने सुबक नक्कल केली, आणि हे कशाचे चित्र आहे हे त्यांना सांगता आले नाही. तुकडे दिसत होते. त्यांचे एक होत नव्हते. या गृहस्थांना अक्षरांच्या शोधाची कार्डे दिली तेव्हा सरमिसळ गर्दीत त्यांचे काम इतरांच्या तुलनेत फारसे वाईट नव्हते. एकसारख्या गर्दीत, जिथे बाकीच्यांना उत्तर क्षणात दिसते, तिथे मात्र ते मागे पडले. इतरांना जी मदत फुकट मिळते ती त्यांना मिळत नव्हती. गटबांधणी ही वर्णनाच्या सोयीची कल्पना नसून मेंदूत खरोखर चालणारे आणि मोडू शकणारे काम आहे, हे याहून स्पष्ट कशाने होईल?

आतापर्यंत गर्दीच्या गटांची बाजू पाहिली. दुसरी बाजू लक्ष्याची. लक्ष्यच एखाद्या गटात ओढले गेले तर काय होते? विल्यम बँक्स आणि विल्यम प्रिन्झमेटल यांनी १९७६ मध्ये अक्षरांची मांडणी अशी केली की काही कार्डांवर लक्ष्य बाकीच्यांच्या रांगेत बसे आणि काही कार्डांवर बाहेर एकटे पडे. रांगेत बसलेले लक्ष्य ओळखायला जास्त वेळ लागला. त्यांनी केलेला एक बदल मोठा बोधप्रद आहे: भोवतालची अक्षरे वाढवली, पण अशी की ती आपापसात घट्ट गट करतील आणि लक्ष्य बाहेर राहील. अक्षरे वाढूनही शोध सोपा झाला.

नजरेच्या कडेला हा परिणाम आणखी ठळक होतो. हेर्मान बाउमा यांनी १९७० मध्ये दाखवले की कडेला असलेले अक्षर एकटे असेल तर वाचता येते, पण त्याच्या आजूबाजूला इतर अक्षरे आली की तेच अक्षर कालवल्यासारखे होते. हे घडण्याचे अंतर ढोबळमानाने नजरेच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या निम्मे असते: केंद्रापासून दहा अंश दूर असलेल्या अक्षराला साधारण पाच अंशांच्या आत शेजारी सहन होत नाही. बरीच वर्षे याचे कारण निव्वळ जवळीक मानले जाई. स्वित्झर्लंडमधल्या मिखाएल हेर्झोग यांच्या गटाच्या प्रयोगांनी त्याला धक्का दिला. दोन उभ्या रेघा किंचित सरकवून एकीखाली एक ठेवल्या आणि वरची डावीकडे सरकली आहे की उजवीकडे हे विचारले. दोन्ही बाजूंना त्याच लांबीच्या रेघा उभ्या केल्यावर उत्तर देणे कठीण झाले. मग त्याच जागी, तितक्याच जवळ, जास्त लांब रेघा ठेवल्या. जास्त शाई, जास्त अडथळा, तरी उत्तर सोपे झाले; कारण लांब रेघांनी आपला वेगळा गट केला आणि मधले लक्ष्य मोकळे सुटले. शेजारच्या रेघा पूर्ण करून चौकटी केल्या तरीही अडथळा बराच उतरला. शेजारी जवळ आहे याने फारसे बिघडत नाही. तो आपल्यातलाच एक वाटला की बिघडते.

गटामुळे नवे गुणही जन्माला येतात. जेम्स पोमरान्झ आणि सहकाऱ्यांचा १९७७ मधला प्रयोग असा: चार कोपऱ्यांत चार तिरक्या रेघा, त्यांतली एक उलट्या बाजूला कललेली, ती कोणती हे दाखवायचे. मग प्रत्येक रेघेला एकच, अगदी सारखा, काटकोन जोडला. चारही ठिकाणी तेच जोडल्यामुळे नवी माहिती काहीच मिळत नाही. उलट पाहायचे जास्त होते. तरीही उत्तर कितीतरी लवकर आले. काटकोनाशी मिळून एका कलाच्या रेघेचा त्रिकोण होतो आणि दुसऱ्या कलाच्या रेघेचा बाण. त्रिकोण आणि बाण यांतला फरक दोन तिरक्या रेघांतल्या फरकापेक्षा नजरेत चटकन भरतो. उलटही घडते. रोनाल्ड रेन्सिंक आणि जेम्स एन्स यांनी १९९५ मध्ये दाखवले की रेघा एकदा मोठ्या आकृतीत सामावल्या की त्या रेघांपर्यंत नजरेला झटपट पोचताच येत नाही. बाणटोके जोडलेल्या रेघांमध्ये जास्त लांबीची रेघ शोधायची असताना नजर मूळ रेघेची लांबी धरत नाही, टोकांसकट पूर्ण आकृतीची धरते. सुटा भाग डोळ्यासमोर असतो, पण तो आकृतीच्या आत कोंडलेला असतो.

हालचालीने होणारे गट विशेष बळकट असतात. पीटर मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये स्थिर एक्स आणि हलते ओ यांच्यात एक हलता एक्स लपवला. हेही दोन गुणधर्मांच्या जोडीचे लक्ष्य. ट्रीझमन यांच्या हिशेबाने ते हळू सापडायला हवे होते. ते लगेच सापडले. हलणाऱ्या सगळ्यांचा एक थर झाला, स्थिर असलेल्यांचा दुसरा, आणि हलत्या थरात एक्स एकटाच होता. केन नाकायामा आणि सिल्व्हरमन यांनी दोन वर्षे आधी खोलीच्या बाबतीत हेच दाखवले होते: वस्तू दोन पातळ्यांवर, एक जवळ आणि एक दूर, दिसत असतील तर एका पातळीपुरता शोध घेता येतो. झाडीत दबा धरलेले जनावर स्थिर असेपर्यंत दिसत नाही आणि हलताच पूर्ण दिसते, याचे मर्म त्या थरांत आहे. त्याच्या अंगावरचे हलणारे सगळे ठिपके पानांच्या गटातून सुटून एकमेकांशी बांधले जातात.

दबा धरण्याची गोष्ट निघाली म्हणजे निसर्गातल्या लपण्याकडे यावेच लागते, कारण भक्ष्य आणि भक्षक यांच्या दृष्टीने सगळा खेळ गटबांधणीचा आहे. पार्श्वभूमीच्या रंगाचे होणे ही एक युक्ती. दुसरी जास्त कावेबाज: अंगावर असे गडद-फिके पट्टे असणे की शरीराची कड तुटेल आणि शरीराचे तुकडे आपापल्या शेजारच्या सावल्यांशी गट करतील. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. प्रत्यक्ष पडताळा २००५ मध्ये इनेस कटहिल आणि सहकाऱ्यांनी घेतला. कागदाचे त्रिकोणी पतंग ओकच्या खोडांवर लावले, प्रत्येकाला खायला एक अळी जोडली, आणि पक्षी कोणत्या अळ्या नेतात ते पाहिले. सालीशी जुळणाऱ्या रंगाचे ठिपके सगळ्यांवर होते. काहींवर ते कडेपर्यंत जाऊन कड तोडत होते, काहींवर ते आतल्या आत होते. कड तुटलेले पतंग जास्त टिकले. पक्ष्याची नजरही तुकड्यांतून वस्तू बांधते, आणि तिलाही तसेच फसवता येते.

रंगाच्या गटाची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी पाहायची तर रंगांधळेपणाच्या तपासणीचे तक्ते घ्यावेत. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी ते १९१७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि वाहन परवान्यापासून रेल्वेभरतीपर्यंतच्या तपासण्यांमुळे ते अनेकांनी पाहिलेले असतात. तक्त्यावर लहानमोठे, फिकेगडद गोळे दाटीने भरलेले असतात. आकारावरून किंवा उजेडावरून गट करू पाहिले तर हाती काही लागत नाही, कारण ते मुद्दाम विस्कटलेले आहेत. एकट्या रंगाने गट केला तरच त्यातून आकडा वर येतो. ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्याच्यासाठी तो गटच होत नाही. यावरून रंगांधळ्या नजरेला नुकसानच असते असे वाटेल. पण १९९२ मध्ये मॉर्गन, अ‍ॅडम आणि मॉलन यांनी नेमका उलटा तक्ता केला. त्यात लपलेला भाग पोतावरून ओळखायचा होता आणि वर लाल-हिरवे रंग सरसकट उधळलेले होते. सर्वसाधारण रंगदृष्टी असलेल्यांची नजर रंगाचे गट करत राहिली आणि पोत तिच्या हाती लागेना. ज्यांना तो रंगभेद दिसतच नव्हता त्यांना लपलेला भाग दिसला. चुकीच्या आधारावर झालेला गट हा गट नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतो.

या सगळ्या निकालांना एका चौकटीत बसवण्याचा प्रयत्न जेरेमी वुल्फ यांनी केला. त्यांची ‘मार्गदर्शित शोध’ ही मांडणी १९८९ मध्ये आली आणि पुढे अनेकदा सुधारली गेली. एकदम दिसणारे आणि एकेक तपासावे लागणारे असे दोन कप्पे तिच्यात नाहीत. शोधांची सलग उतरंड आहे. रंग, दिशा, हालचाल यांचे ढोबळ नकाशे अवधानाला दिशा देतात. दिशा चांगली मिळाली तर थोडक्या जागा तपासून भागते, धूसर मिळाली तर पुष्कळ. गट हा या दिशादर्शनाचा एक मोठा भाग आहे, पण सर्वस्व नाही. वुल्फ आणि सहकाऱ्यांनीच २००५ मध्ये सामानतपासणीसारख्या चित्रांवर दाखवले की निम्म्या चित्रांत लक्ष्य असेल तर ते पाहणाऱ्यांच्या नजरेतून ७ टक्के वेळा निसटते, आणि शंभरात एखाद्याच चित्रात असेल तर तब्बल ३० टक्के वेळा. मांडणीत काहीच बदल नव्हता. बदलली होती ती फक्त अपेक्षा.

व्यवहारात या ज्ञानाचा उपयोग ते सिद्ध होण्याआधीपासून होत आला आहे. विमानांत आणि वीजकेंद्रांत तबकड्यांच्या रांगा लावताना त्या अशा फिरवून बसवतात की सगळे ठीक असताना सर्व काटे एकाच दिशेला राहतील. मग काट्यांची मिळून एक ओळ होते आणि एकच काटा ढळला तरी आकडे न वाचता तो दिसतो. संगणकाच्या पडद्यांबाबत टॉम टलिस यांनी १९८० च्या आसपास बेल प्रयोगशाळेत केलेले काम गाजले. दूरध्वनी वाहिन्यांच्या चाचणीचे निकाल आधी सलग मजकुरात येत. तीच माहिती गटांत आणि रकान्यांत मांडल्यावर ती वाचून निष्कर्ष काढण्याचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी घटला. गट किती मोठा असावा याचाही त्यांनी अंदाज दिला: नजरेच्या साधारण पाच अंशांत मावेल एवढा, म्हणजे हातभर अंतरावरच्या पडद्यावर चार-पाच सेंटिमीटर. त्याहून मोठा गट एका दृष्टिक्षेपात आवरत नाही. गट अती लहान आणि अती पुष्कळ झाले तरी फायदा जातो, कारण मग गटच मोजावे लागतात.

गटांची एक किंमतही असते. नकार गटावर पसरतो, तेव्हा गटात चुकून राहिलेल्या लक्ष्यावरही तो पसरतो. नाव मतदार यादीत दुसऱ्याच पानावर, दुसऱ्याच वाडीच्या मतदारांत पडले असेल तर शोधणारा ते पान सबंधच उलटून टाकतो. नाव समोरून जाते. औषधांच्या दुकानात हा धोका गंभीर होतो. सारख्या रंगाच्या, सारख्या आकाराच्या, जवळजवळ सारख्या नावाच्या दोन खोक्यांच्या चळती शेजारी ठेवल्या की नजर त्यांची एकच चळत करते, आणि हात त्यातल्या कोणत्याही खोक्यावर पडू शकतो. म्हणून बऱ्याच औषधकोठ्यांमध्ये अशा जोड्या मुद्दाम दूरदूरच्या फळ्यांवर ठेवतात, आणि इंग्रजी नावांतली वेगळी असलेली तेवढीच अक्षरे मोठ्या लिपीत छापतात.